काळे पित्त आणि विषाद : 'मेलंकली' ह्या शब्दाचे चरित्र

इंग्रजी वाङ्मय मराठीत आणू पाहणाऱ्यास जे शब्द पुनःपुन्हा अडवितात, त्यांत 'मेलंकली' ह्या शब्दास अग्रस्थान द्यावे लागेल. वरवर पाहता त्यात अडण्यासारखे काही नाही. उदासी, खिन्नता, विषाद, विमनस्कता असे एकाहून एक प्रतिष्ठित प्रतिशब्द आपल्यापाशी सिद्ध आहेत. त्यांतील कोणताही एक उचलावा आणि पुढे जावे. बहुतेक अनुवादक तसेच पुढे जातात. परंतु चॉसरच्या कथेतील कोंबडी हा शब्द उच्चारते, हॅम्लेट तो उच्चारतो, आणि कीट्स त्यावर स्तोत्रवजा कविता रचतो. ह्या तिन्ही ठिकाणी 'खिन्नता' हे एकच नाणे चालविले, तर चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास मराठी वाचकाच्या दृष्टीआड होतो. शब्द तोच राहिला. त्याखालचा देह मात्र दरम्यानच्या काळात नाहीसा झाला. तो देह कोणता होता आणि आपल्या भाषांत त्याची ओळख कोणत्या नावाने पटण्याजोगी आहे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

शब्द ग्रीक. 'मेलास' म्हणजे काळे आणि 'खोले' म्हणजे पित्त. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील 'मानवाची प्रकृती' हा ग्रंथ त्याचा जामात पॉलिबस ह्याच्या नावावर सांगितला जातो. त्यात देह चार द्रवांचा बनलेला मानला आहे : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. रक्त उष्ण व आर्द्र, त्याचा ऋतू वसंत. पिवळे पित्त उष्ण व रुक्ष, त्याचा ग्रीष्म. कफ शीत व आर्द्र, त्याचा हिवाळा. आणि काळे पित्त शीत व रुक्ष, त्याचा ऋतू शरद. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने ह्या मांडणीस जे स्थैर्य दिले ते युरोपात दीड हजार वर्षे टिकले. काळे पित्त नावाचा स्वतंत्र द्रव मानवी देहात नाही, हे आज आपणांस ठाऊक आहे. चौघांतील हा एकच द्रव निव्वळ कल्पित, आणि वाङ्मयात सर्वांत दीर्घायुषी ठरला तोही हाच.

हिपॉक्रेटिसच्या सूत्रांत ह्या विकाराचे लक्षण थोडक्यात सांगितले आहे : भय आणि शोक ही जोडी दीर्घकाळ टिकून राहिली की तो मेलंकोलियाचा रोग समजावा. वाचकांनी ही जोडी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे. वैद्यांच्या ह्या रोगाला प्रतिष्ठा दिली ती तत्त्वज्ञांनी. अॅरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या 'समस्या' ह्या संग्रहाच्या तिसाव्या भागात आरंभीच प्रश्न उपस्थित केला आहे की, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला ह्यांत जे असामान्य ठरले ते सारे ह्याच प्रकृतीचे का दिसतात? उदाहरणादाखल हेराक्लीज व अॅजॅक्स ह्या वीरांपासून एम्पेडॉक्लीज, सॉक्रेटिस, प्लेटो इथपर्यंतची नावे घेतली आहेत. उत्तर मद्याच्या दृष्टांताने दिले आहे : मद्य जे तासा-दोन तासांपुरते करते, ते हे पित्त जन्मभर करीत राहते. रोग आणि प्रतिभा एकाच भांड्यातून वाढण्याचा हा जो प्रकार झाला, त्याचे ऋण युरोपीय वाङ्मयाने फार मोठ्या व्याजाने फेडले आहे.

आता ह्या द्रवांच्या मिश्रणाला काय म्हणावयाचे? ग्रीक वैद्य 'क्रासिस' म्हणत. अर्थ साधा, 'मिसळण'. त्याचे लॅटिन भाषांतर 'टेम्पेरामेंटुम' असे झाले, आणि त्यावरून इंग्रजीत 'टेम्परमेंट' आला. गेलेनचा मिश्रणावरील ग्रंथ अरबीत उतरला तेव्हा त्यास 'मिजाज' हा शब्द योजण्यात आला. त्याचाही धातू 'मिसळणे' ह्याच अर्थाचा. हा 'मिजाज' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि उत्तरेस अजूनही लोक एकमेकांच्या मिजाजाची विचारपूस करतात. मराठीत मात्र त्याची 'मिजास' झाली आणि तिने केवळ तोरा दाखविण्याचे काम पत्करले. इंग्रजी 'टेम्परमेंट' आणि मराठी 'मिजास' ही एकाच ग्रीक शब्दाची दोन भाषांतरे आहेत, हे सांगितले तर कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही. त्याच घराण्यातील 'तबियत' घ्या : मूळ अर्थ स्वभाव, मराठीत ती कधी प्रकृतीच्या अस्वास्थ्यापुरती उरते, तर कधी गवयाच्या लहरीपुरती.

काळ्या पित्ताची कथा ह्याहून मनोरंजक आहे. अरबी वैद्यांनी त्या द्रवाचे नाव भाषांतरित केले : 'सौदा', म्हणजे 'काळी'. परंतु त्या द्रवापासून उद्भवणाऱ्या रोगाचे नाव त्यांनी भाषांतरित केले नाही. ते त्यांनी ध्वनीसह उचलून 'मालिखोलिया' असे ठेवले. दहाव्या शतकाच्या आरंभी कैरवान येथील इसहाक इब्न इम्रान ह्या वैद्याने ह्या रोगावर जो स्वतंत्र प्रबंध लिहिला त्याचे नावच तसे आहे. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन ह्याने तो लॅटिनमध्ये नेला, तर बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सिनाचा 'कानून' लॅटिनमध्ये आणला. म्हणजे ग्रीकांचे काळे पित्त पश्चिम युरोपास पुन्हा मिळाले ते बऱ्याच अंशी अरबांच्या हातून. तोच 'सौदा' पूर्वेकडे वळून युनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आला. फारसी आणि उर्दू काव्यात त्याचा अर्थ प्रेमाचा उन्माद असा झाला. 'सौदाई' म्हणजे वेडा. अठराव्या शतकातील थोर कवी मिर्झा मुहंमद रफी ह्यांनी 'सौदा' हेच उपनाम घेतले. त्यांचे वडील व्यापारी होते असे सांगतात, आणि 'सौदा' म्हणजे देवघेव हा अर्थही त्या भाषेत आहेच. तेव्हा एकाच नावात पित्याचा पेढीवरचा व्यवहार आणि पुत्राचा उन्माद दोन्ही सामावले. मराठीने ह्यांतला देवघेवीचा सौदा तेवढा घेतला. काळे पित्त वेशीबाहेरच राहिले.

येथे एक स्वाभाविक शंका येईल. आयुर्वेदात पित्त आहेच. मग 'कृष्णपित्त' असा शब्द बनवून ही उणीव का भरून काढू नये? तसे करणे सोपे आहे, पण ते घातक ठरेल. आयुर्वेदातील पित्त उष्ण आहे. मराठीत कोणाचे पित्त खवळले म्हटले की तो संतापला हे पोरालाही कळते. ते ग्रीकांच्या पिवळ्या पित्ताशी नीट जुळते, कारण इंग्रजीतील 'कोलेरिक' म्हणजे कोपिष्ट मनुष्य त्याच पिवळ्या पित्ताचे अपत्य आहे. काळ्या पित्ताचे गुण शीत आणि रुक्ष. आपल्याकडे शीत आणि रुक्ष हे गुण वाताचे आहेत. हे साम्य केवळ गुणांच्या यादीपुरते असते तर मी त्यास फारसे महत्त्व दिले नसते. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ज्वराची कारणे सांगताना काम, शोक आणि भय ह्यांनी वायू वाढतो आणि क्रोधाने पित्त वाढते, असे स्पष्ट म्हटले आहे. शोक आणि भय : हिपॉक्रेटिसच्या सूत्रातील तीच जोडी! आणि तिसरा जो काम, त्याला तर 'सौदा'च्या उन्मादात आणि पुढे इंग्रज ग्रंथकारांच्या प्रेमज मेलंकलीत मानाचे स्थान मिळालेले आहे. ग्रीकांनी ज्या अनुभवास काळे पित्त म्हटले त्यास आपल्या वैद्यांनी वारा म्हटले, असे मानावयास मला तरी प्रत्यवाय दिसत नाही.

लोकभाषेतही ह्याची साक्ष मिळते. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला की तो 'वातात' बरळतो. एखाद्या कल्पनेने पछाडला की त्याच्या अंगात वारे शिरते. आणि कोणी फार छळले की आपण 'वात आणला' म्हणतो. बंगालीत झपाटलेल्या मनुष्यास 'वायुग्रस्त' म्हणतात. ह्यांत मनाचा बिघाड आहे, देह आहे. उणीव आहे ती प्रतिष्ठेची. आपल्या वाताला कोणी अॅरिस्टॉटल भेटला नाही. वाताने पीडलेला मनुष्य आपल्या लेखी हास्यास्पद तरी असतो किंवा दयनीय तरी. तो थोर असण्याचे कारण त्याचा वात आहे, असे म्हणण्याचे धाडस आपल्या परंपरेत कोणी केलेले मला आढळले नाही.

ग्रहांची साक्ष काढली तर तीही हेच सांगते. टॉलेमीच्या ज्योतिषात शनी शीत व रुक्ष करणारा; म्हणून काळे पित्त त्याच्या अधिकारात गेले, आणि म्हणूनच इंग्रजीत गंभीर, काळवंडल्या चर्येच्या माणसास 'सॅटर्नाइन' म्हणतात. वराहमिहिराच्या बृहज्जातकात शनी आळशी आणि वातप्रकृतीचा आहे. संस्कृतातले त्याचे 'शनैश्चर' हे नाव तर मंद गतीवरूनच पडले. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलियो फिचिनो ह्याच्या पत्रिकेत शनी लग्नी होता. आपल्याकडे असा मनुष्य मारुतीला तेल घालता. फिचिनोने १४८९ साली 'जीवनाविषयी तीन ग्रंथ' प्रसिद्ध केले आणि विद्वानांच्या ह्या व्याधीवर पथ्यपाणी सांगता सांगता शनीला बुद्धिवंतांचा अधिपती करून टाकले. १५१४ मध्ये ड्युररने कोरलेले ते सुप्रसिद्ध चित्र (हातावर डोके टेकून बसलेली पंख असलेली स्त्री, भोवती विखुरलेली सुताराची आणि भूमितीची हत्यारे) ह्याच विचारपरंपरेचे फळ आहे. साधने सारी जवळ आहेत आणि हात मात्र उचलत नाही, ही अवस्था त्या चित्राइतकी कोणत्याही ग्रंथाने दाखविली नसेल.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आला, आणि आला तो औषधांच्या पेटीसह. चॉसरच्या कथेत कोंबड्यास भयंकर स्वप्न पडते. त्याची शहाणी कोंबडी त्यास समजावते की, तांबड्या पित्ताने आगीची स्वप्ने पडतात आणि मेलंकलीने काळ्या अस्वलांची व काळ्या बैलांची. तेव्हा जुलाब घेणे बरे. येथे मेलंकली म्हणजे पोटात साचलेले काहीतरी आहे. 'उदासी' येथे सर्वथा कुचकामी. त्या काळी ह्या शब्दाचा अर्थ रुष्टपणा, चिडखोरपणा असाही होत असे, हे आणखी विसरता कामा नये.

एलिझाबेथच्या राज्यात ह्या शब्दाचे भाग्य उदयास आले. १५८६ मध्ये टिमथी ब्राइट ह्या वैद्याने इंग्रजीत ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. देहजन्य मेलंकली आणि पापाच्या जाणिवेने तळमळणारे मन ह्यांत भेद करण्याची त्याची धडपड वाचनीय आहे, कारण अशी सीमारेषा आखावी लागली ह्याचाच अर्थ ती सामान्य लोकांस दिसत नव्हती. लवकरच ह्या रोगाची फॅशन झाली. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकातील स्टीफन हा खेडवळ छैला मेलंकली होऊन बसण्यासाठी स्टूल मिळेल का, अशी विचारणा करतो. शेक्सपीअरच्या 'अॅज यू लाइक इट'मधला जेक्वीझ विद्वानाची, गवयाची, दरबाऱ्याची, शिपायाची, वकिलाची अशा निरनिराळ्या मेलंकलींची यादी देऊन आपली स्वतःची सर्वांहून वेगळी, अनेक द्रव्यांच्या काढ्यासारखी असल्याचे अभिमानाने सांगतो. थट्टा आहे, पण थट्टेतही काढा सुटलेला नाही. अजून देह शाबूत आहे.

मग १६२१ मध्ये ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयातील रॉबर्ट बर्टन ह्याचा 'मेलंकलीचे शरीरशास्त्र' हा अवाढव्य ग्रंथ निघाला. लेखकाने आपणास धाकटा डेमॉक्रिटस म्हणवून घेतले. कारण असे की, हिपॉक्रेटिस एकदा डेमॉक्रिटसला भेटावयास गेला तेव्हा तो तत्त्ववेत्ता काळ्या पित्ताचे स्थान शोधण्यासाठी जनावरे फाडून पाहात होता, अशी आख्यायिका आहे. बर्टनने जनावरांऐवजी पुस्तके फाडली. कारणे, लक्षणे, उपचार, आणि शेवटी प्रेमज व धार्मिक मेलंकली अशा क्रमाने तो जातो. पण क्रम केवळ नावाला. आहार, हवा, निद्रा, भुते, तारे, दारिद्र्य, विद्वानांची उपेक्षा, मत्सर, संगीत, जे जे दिसेल ते तो पोत्यात भरतो, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत पोते अधिक फुगते. १६४० मध्ये तो वारला तरी त्याच्या दुरुस्त्यांसह १६५१ ची आवृत्ती निघालीच. आपण मेलंकली टाळण्यासाठीच मेलंकलीविषयी लिहितो, अशी कबुली तो आरंभीच देतो. डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे स्वतः ह्या व्याधीचे जुने रहिवासी. केवळ ह्याच पुस्तकासाठी आपण नेहमीपेक्षा दोन तास आधी उठलो, असे ते म्हणाल्याचे बॉझ्वेलने नमूद केले आहे. बर्टनसंबंधी आपणास महत्त्वाचे ते हे की, त्याने जमविलेल्या व्याख्यांचा गाभा एका अटीत आहे : हा शोक आणि हे भय प्रत्यक्ष दिसण्याजोगे कारण नसता उद्भवलेले असावे.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १६४५ च्या संग्रहातील मिल्टनच्या जुळ्या कवितांपैकी पहिलीत मेलंकलीला हाकलून दिले आहे आणि दुसरीत तिचे देवता म्हणून स्वागत आहे. अर्थात शनीची कन्या म्हणूनच. त्याच शतकात वैद्यकाने काळ्या पित्ताचा नाद सोडला. टॉमस विलिसने ह्या रोगाचे मूळ मेंदूत आणि मज्जातंतूंत शोधले. १७५५ च्या आपल्या कोशात जॉन्सननी ह्या शब्दाचे तीन अर्थ दिले : काळ्या पित्ताच्या आधिक्याने होणारा रोग, एकाच वस्तूवर मन खिळविणारे वेड, आणि खिन्न, चिंतनशील प्रकृती. भूस्तर कापून दाखवावा तसे हे तीन अर्थ एकावर एक दिसतात. ह्यांतील पहिला तेव्हाच मृत झाला होता, दुसरा पुढे मानसवैद्यकाकडे गेला, आणि तिसरा कवींनी उचलला. टॉमस वॉर्टनने १७४७ मध्ये मेलंकलीच्या सुखांवर कविता लिहिली होतीच. ग्रेची स्मशानातील विलापिका १७५१ ची, आणि कीट्सची ह्या विषयावरील ओड १८१९ मध्ये रचली जाऊन पुढल्या वर्षी छापली गेली. कीट्सने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, तरी त्याच्या कवितेत मेलंकली सौंदर्याच्या नश्वरतेशी बांधली गेली आहे. पित्ताशी तिचा संबंध उरलेला नाही.

तेव्हा मराठी शब्दांची पारख ह्या स्तरांवर करावयास हवी. 'उदास' मूळचा दूर बसलेला, अलिप्त. गीतेतील उदासीन तटस्थ आहे, दुःखी नव्हे. पंजाबातील उदासी पंथाचे साधू विरक्त म्हणून उदासी. धनाचा व्यय कसा करावा हे सांगताना तुकारामांनी 'उदास' वापरला तोही निरासक्त ह्याच अर्थाने. आजच्या मराठीत तो हळवा झाला असल्याने मिल्टन-ग्रेच्या एकांतप्रिय मेलंकलीस तो शोभतो, कारण त्याच्या पाठीशी अजून थोडे वैराग्य आहे. कीट्सपाशी मात्र वैराग्याचा लेश नाही. तेथे मी 'विषण्णता' पत्करीन. 'विषाद' आणि हिंदीतील 'अवसाद' ह्या दोहोंचा धातू एकच, 'सद्', खाली बसणे. त्यांत खचण्याची क्रिया आहे. पण ह्याच ठिकाणी आपल्या साहित्यशास्त्राचा एक नियम आड येतो. भरताच्या तेहेतीस व्यभिचारी भावांत विषाद आहे, चिंता आहे, दैन्य आहे. हे सारे येणारे-जाणारे भाव. आणि कोणताही भाव रसरूप व्हावयाचा तर त्यास विभाव पाहिजे. अर्जुनाचा विषाद समोर उभ्या असलेल्या आप्तांकडे पाहून उत्पन्न होतो आणि अठराव्या अध्यायाअखेर मावळतो. बर्टनच्या व्याख्येतील मेलंकली नेमकी विभावहीन आहे आणि ती जातही नाही. येणाऱ्या भावाला आपल्याकडे नाव आहे. ठाण मांडून बसलेल्या भावाला नाही.

ह्या दृष्टीने १९१९ मधील टी. एस. एलियटचा हॅम्लेटवरील लेख पुन्हा वाचण्यासारखा आहे. हॅम्लेटची भावना समोर आलेल्या घटनांपेक्षा अतिरिक्त आहे, तिला पुरेसे वस्तुनिष्ठ अधिष्ठान नाही, म्हणून नाटक फसले, असे एलियट म्हणतो. आपल्या परिभाषेत, विभाव अपुरा आहे. परंतु घटनांहून अतिरिक्त असलेले दुःख हीच तर त्या काळी ह्या शब्दाची व्याख्या होती. हॅम्लेट स्वतः आपल्या मेलंकलीचा उल्लेख करतो आणि क्लॉडियसही करतो. १६०० च्या सुमारास ग्लोबमध्ये उभा असलेला शिकाऊ पोरगा त्या शब्दाने हे समजत असणार की, ह्या मनुष्याच्या दुःखाचा हिशेब घटनांशी जुळणार नाही. एलियटला जो दोष वाटला ते रोगाचे लक्षण आहे. आणि मराठीत तेथे 'दुःख' किंवा 'शोक' घातला की तो दोष खरोखरच निर्माण होतो, कारण शोकाला कारण लागते आणि प्रेक्षक ते मोजू लागतो.

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॅम्लेटच्या भाषांतरास 'विकारविलसित' हे नाव दिले. त्या नावास पंडिती म्हणून नाक मुरडण्याची चाल आहे. मला ते अत्यंत मार्मिक वाटते. धातूंचे साम्य बिघडणे म्हणजे विकार, ही चरकाची व्याख्या. आणि मराठीत विकार मनाचेही असतात. देह आणि मन ज्यात अद्याप विभागले गेलेले नाहीत असा शब्द शोधू गेल्यास ह्याहून चांगला हाती लागणे कठीण. आगरकरांचा वैद्यकाकडे कटाक्ष होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा; शब्दाने आपले काम केले आहे.

राहता राहिला तो बर्टन. त्याचा ग्रंथ मराठीत यावयाचा तर शीर्षकातल्या शब्दाचे काय करावे? वाताचा आधार घेतला तर वाचकास शनी आणि शोक-भय आपोआप मिळतील. पण काळा रंग जाईल, आणि त्या ग्रंथाची निम्मी गंमत काळ्या रंगावर आहे. ह्याबाबतीत कैरवानच्या त्या वैद्याची रीत मला अनुकरणीय वाटते. त्याने द्रवाचे नाव आपल्या भाषेत आणले आणि रोगाचे नाव परकेच राहू दिले. द्रवाचा उल्लेख येईल तेथे 'काळे पित्त' म्हणावे, ते आपल्या पित्तासारखे उष्ण नसून वातासारखे शीत आहे हे प्रस्तावनेत एकदा सांगावे, आणि रोगास सरळ 'मेलंकली' म्हणून पुढे चालावे.